आमदारांना पत्र लिहायचंय. कसं लिहिलं की काम पुढे सरकतं?

पायवाट:
नमस्कार मंडळी,
आमच्या गावातल्या मुली आठवीपासून पुढे तालुक्याच्या हायस्कुलात जातात. त्यांना परत आणणारी संध्याकाळी साडेपाचची एसटी होती. २०२१-२२ च्या संपात ती बंद पडली. संप मिटल्यावर सकाळची गाडी आली, दुपारची आली, ही मात्र आली नाही. आता मुली वडापने (खासगी जीपने) फाट्यापर्यंत येतात आणि तिथून गावापर्यंत चार किलोमीटर चालतात. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत पूर्ण अंधार होतो. दोन घरांनी याच कारणाने दहावीनंतर मुलींना घरी बसवलं.

आगारात तोंडी विचारून झालं. उत्तर ठरलेलं: "भारमान नाही." म्हणजे गाडीला पुरेसे प्रवासी नाहीत.

आता आमदारांना पत्र द्यायचं गावात ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पत्र किती लांब असावं? साऱ्या गावाच्या सह्या घ्याव्यात का? काहीजण म्हणतात, एकदा जातोच आहोत तर रस्ता, पाणी, उपकेंद्र सगळंच त्यात घालू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे गावात समजावून सांगता येत नाहीये. कुणाचं असं पत्राने काम झालं असेल तर त्यात काय लिहिलं होतं ते सांगा.

भुईमूग:
ताई, पत्राच्या नादाला लागू नका. सकाळी आठच्या आत आमदारांच्या घरी जा, चार मुली सोबत न्या. ते तुमच्यासमोरच आगाराला फोन लावतील. आमच्याकडं सगळी कामं अशीच होत्यात.

फळा_खडू:
मुलींना नेऊ नका, शाळा बुडवून तर नकोच. पालकांना न्या. बाकी भेटायला हरकत नाही.

शिरस्तेदार:
मी मंत्रालयात कार्यासनावर होतो, आता निवृत्त आहे. लोकप्रतिनिधींची पत्रं नोकरीभर हाताळली, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

भुईमूग म्हणतात तसा फोन होतो, हे खरं आहे. आगारातून "करतो साहेब" असं उत्तरही येतं आणि कधी कधी गाडी आठवडाभर सुटतेही. पण फोनला जावक क्रमांक नसतो. आगार व्यवस्थापकाची बदली झाली की नव्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. कागद आला तर त्याची नोंद होते, त्यावर कुणाला तरी टिप्पणी लिहावी लागते आणि शेवटी "हो" किंवा "नाही, कारण अमुक" असं सहीनिशी कळवावं लागतं. ते "कारण अमुक" हातात आलं की पुढचं पत्र लिहिणं सोपं जातं.

आता आमदारांच्या कार्यालयात काय होतं ते. पत्र आधी स्वीय सहायक वाचतो. गाव मतदारसंघातलं आहे का, लिहिणारा कोण आणि त्याला नेमकं काय हवंय, एवढंच तो शोधतो. शेवटची गोष्ट पहिल्या परिच्छेदात सापडली नाही, तर तुमच्या पत्राला "सोबतच्या निवेदनावर योग्य ती कार्यवाही व्हावी" असं एका ओळीचं पत्र जोडलं जातं. एका ओळीच्या पत्राला खात्याकडून उत्तरही एका ओळीचं येतं: "नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे." इथे तुमचा विषय संपतो.

म्हणून तुमच्या पत्रातला मधला परिच्छेद उचलून जसाच्या तसा आमदारांच्या लेटरहेडवर टंकता आला पाहिजे. गावकऱ्यांना किती त्रास होतो हे आमदारांना पटवण्यात पानं घालवू नका, ते त्यांना बहुधा माहीत असतं. कुणाला, काय आणि कशाच्या आधारावर सांगायचं, हे त्यांना तयार करून द्या.

विषय एकच ठेवा. गावात असं सांगा: एसटी महामंडळाची, रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा, उपकेंद्र आरोग्य खात्याचं. चार विषयांचं एक पत्र कुठल्याच टेबलाचं होत नाही. जो उघडतो तो "उर्वरित विषय या कार्यालयाशी संबंधित नाहीत" असं लिहून पुढे ढकलतो. चार पत्रं द्या, हवं तर एकाच दिवशी द्या.

आणि आगाराने तुम्हाला नकाराचं कारण आधीच सांगून ठेवलंय, हे चांगलं झालं. भारमानाला उत्तर द्या. किती मुली, किती पास, शाळा किती वाजता सुटते, त्या गाडीने आणखी कोण येईल. बाकी सगळं नंतर.

पायवाट:
शिरस्तेदार काका, हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

मुलींचे पास मोफत आहेत. त्याने भारमान मोजताना फरक पडतो का?

चालक_वाहक:
ताई, मी एसटीतच आहे. कुठला विभाग ते सांगत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत असतो, पण तो पैसा बुडत नाही. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं. तेव्हा "पासवाल्या मुली म्हणजे उत्पन्न नाही" असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं बाजाराच्या दिवशी तुमच्या गावच्या बायकाही वडाप सोडून एसटीत बसतील. हेही लिहा.

अजून एक. नवीन फेरी मागितली की गाडी कुठून आणू, चालक कुठून आणू, हा प्रश्न येतो. जवळच्या मार्गावर त्याच वेळेला फिरणारी गाडी असंल तर "ती तुमच्या गावावरून वळवा" असं मागा. जादा किलोमीटर थोडे लागतात, ड्युटी तीच राहते. साहेबलोकांना हे मंजूर करणं सोपं जातं. वेळापत्रक बघून मार्गाचं नाव टाका.

भुईमूग:
हे मात्र एक नंबर. वळवायचं डोक्यातच आलं नव्हतं.

कोरडवाहू:
आमदारांच्या आधी ग्रामसभा. ठरावाची प्रत जोडली नाही तर तुमचं पत्र चार घरांचं पत्र म्हणून बघितलं जातं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे हा विषय मांडा. आयांनी मांडलेला ठराव ग्रामसभेत कुणी खोडत नाही, हे मी आमच्याकडे पाहिलंय.

सह्यांचं म्हणाल तर ठराव असला की पाचशे सह्यांची चळत लागत नाही. पालकांच्या सह्या, नावापुढे मुलीचं नाव आणि इयत्ता, एवढं एक पान पुरे.

रोखठोक:
सगळ्यांपेक्षा वेगळं मत मांडतो. आपण प्रत्येक गोष्टीला आमदारांच्या दारात का जातो? त्यांना निवडून दिलंय कायदे करायला, सरकारला जाब विचारायला. गाडी सोडणं हे आगाराचं काम आहे, त्याचा पगार त्यांना मिळतो. आपण पत्र घेऊन गेलो की काम झाल्यावर ते उपकार ठरतं, मग चौकात फलक लागतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याची आठवण करून दिली जाते. ज्या गावाचा आमदाराशी संबंध नाही, ज्यांनी दुसऱ्या पक्षाला मतं दिली, त्यांच्या मुलींनी चालत जायचं का? लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. ती शस्त्रं वापरा.

फळा_खडू:
रोखठोक, मुद्दा रास्त आहे, पण तोवर त्या मुली रस्त्यावर आहेत.

रोखठोक:
म्हणूनच तळमळीने लिहिलंय, गुरुजी. आज या गावाला गाडी मिळेल, शेजारच्या गावाचं काय?

शिरस्तेदार:
रोखठोक यांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवांना लागू होतो. दाखले, उतारे, परवाने, नोंदी, या ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हव्यात. त्यासाठी आमदारांकडे जाणं मलाही चुकीचं वाटतं. जातीच्या दाखल्यासाठी शिफारसपत्र आणणारी माणसं पाहिली की वाईट वाटायचं, कारण ते त्यांच्या हक्काचं होतं. पण कुठल्या गावाला कुठली फेरी द्यायची हा निर्णय असतो. त्यात मर्यादित गाड्या आणि मर्यादित चालक कुणाच्या वाट्याला द्यायचे हे ठरतं, आणि असं वाटप ठरवताना लोकांच्या वतीने बोलायला प्रतिनिधी असतो. इथे आमदाराकडे जाणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

"शेजारच्या गावाचं काय" याचं उत्तरही पत्रातच देता येईल. त्याच मार्गावरच्या आणखी दोन गावांचे ठराव जोडा. तीन गावांचं मागणं भारमानालाही बळ देतं.

रोखठोक:
हक्काची सेवा आणि निर्णय हा फरक मान्य. उपकाराच्या फलकाबद्दलचं मत मागे घेत नाही. :)

कऱ्हाकाठ:
फलकावरून आठवलं, गाडी मागायला जाल आणि प्रवासी निवारा शेड घेऊन याल, सांभाळा! आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटींचा आहे. त्यातून शेड बांधता येते, त्यावर नाव घालता येतं. गाडी त्या निधीतून येत नाही. आमच्या फाट्यावर सुंदर शेड आहे, आत शेळ्या बसतात. पत्रात स्पष्ट लिहा की निधी नको, एसटीच्या विभाग नियंत्रकांना पत्र हवंय.

मुक्ता_प्र:
शहरातला अनुभव सांगते, कारण "कुणाला लिहायचं" इथेच आमची सोसायटी अडकली होती. पावसाळी गटार तुंबतं म्हणून लोक सरळ खासदारांना ईमेल करत होते. गटार महापालिकेचं. त्या काळात अनेक महापालिकांवर २०२२ नंतर प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते, त्यामुळे लोक दिसेल त्या प्रतिनिधीला लिहायचे. आम्ही शेवटी क्षेत्रीय कार्यालयाला मुख्य पत्र दिलं आणि आमदारांना त्याची प्रत देऊन एवढंच मागितलं की आयुक्तांच्या आढावा बैठकीत हा नाला यादीत घ्या. तेवढं झालं. नाल्याचा नकाशा आणि मागच्या तीन पावसाळ्यांतले तारखेसह फोटो जोडले होते. फोटोवर तारीख आणि मागे ओळखीची खूण दिसली पाहिजे, नाहीतर पाणी कुठलंही असू शकतं.

कुणाला लिहायचं याचं आमचं गणित असं: एसटी, शाळा, राज्यमार्ग, पोलीस असेल तर आमदार. रेल्वेचा थांबा, टपाल, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग असेल तर खासदार. कचरा, गटार, दिवे असतील तर नगरसेवक.

मांडवीतीर:
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे ४० आमदार आणि २०२२ ला मतदार साधारण साडेअकरा लाख, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांच्या आतबाहेर. आमदार लग्नाला येतो, मर्तिकाला येतो, नावाने ओळखतो. त्यामुळे इथे पत्र मागे पडतं, बोलून काम होतं. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि २०२४ ला मतदार नऊ कोटी सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे एकामागे तीन लाखांच्या वर. तिथे तोंडओळखीवर सगळ्यांना न्याय मिळणं शक्यच नाही. तुमच्याकडे कागद का लागतो हे या आकड्यांत दिसतं.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून. इथे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्याला लिहिताना आधी एक ठरवावं लागतं: मत कळवायचंय की स्वतःचं अडलेलं काम सोडवायचंय. मत कळवायचं तर विधेयकाचा क्रमांक लिहून बाजूने की विरोधात ते पहिल्याच ओळीत सांगायचं, कार्यालयातली तरुण मुलं त्याची मोजदाद ठेवतात. अडलेल्या कामाला, म्हणजे पासपोर्ट, इमिग्रेशनची फाइल वगैरे, वेगळा माणूस असतो. त्याला तुमच्या सहीचं संमतीपत्र लागतं. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे त्याशिवाय सरकारी खातं तुमची माहिती त्यांना देऊच शकत नाही. आमच्या मराठी मंडळातले बरेच जण संमतीपत्र न जोडता लांबलचक ईमेल पाठवतात आणि उत्तर नाही म्हणून नाराज होतात.

कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले तेव्हापासून तिथली टपाल तपासणी वेळखाऊ आहे. जवळच्या स्थानिक कार्यालयाला लिहा. आणि झिप कोड घाला, तो नसेल तर तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात हे कळत नाही.

हॅरोची_वहिनी:
ब्रिटनमध्येही तेच. पोस्टकोडसह पूर्ण पत्ता नसेल तर खासदाराचं कार्यालय आधी पत्ताच विचारतं, कारण दुसऱ्या खासदाराच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम घ्यायचं नाही असा तिथला रिवाज आहे. तयार मजकुराच्या शेकडो ईमेलना तयार मजकुराचंच उत्तर येतं. स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या तर वाचल्या जातात.

इतिहासवेडा:
एका पत्राची आठवण इथे काढायलाच हवी. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. गावाकडच्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळावं ही कल्पना त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळवली. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यामागेही महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पत्राने काय होतं असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

भुईमूग:
दादा, ते सभापती होते. त्यांचं पत्र मुख्यमंत्री वाचणारच की. आमचं कोण वाचतंय?

इतिहासवेडा:
खरंय. पण सभापतींच्या पत्रावरही "बघू" म्हणता आलं असतं. एवढ्या पैशात एवढ्या लोकांना इतके दिवस काम देता येईल, असा हिशेब त्यात होता. तसा हिशेब पायवाटताईंनाही देता येईल.

टिपणकार:
मी काही काळ एका आमदारांच्या कार्यालयात अधिवेशनाचं काम पाहायचो. एक वाट इथे कुणीच सांगितली नाही, ती म्हणजे विधिमंडळ.

वर्षात तीन अधिवेशनं असतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. त्या दिवसांत आमदारांची कार्यालयं प्रश्नांच्या शोधात असतात. नेमक्या त्याच वेळी तुमच्याकडून तयार मुद्दा गेला तर तो उचलला जाण्याची शक्यता खूप वाढते. "संपानंतर अमुक आगारातल्या किती ग्रामीण फेऱ्या अद्याप बंद आहेत, त्यापैकी शाळेच्या वेळेच्या किती, आणि त्या कधी सुरू होणार" हे असं लिहून द्या. प्रश्न मान्य झाला की खातं खालून माहिती मागवतं. मुंबईहून आगारापर्यंत विचारणा येते आणि पुष्कळदा सभागृहात उत्तर येण्याआधीच काम झालेलं असतं, कारण "फेरी सुरू करण्यात आली आहे" असं उत्तर देणं सगळ्यांनाच बरं वाटतं. तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायला लक्षवेधी सूचना असते, पण एका गावाच्या गाडीसाठी ती मिळणं अवघड. साऱ्या तालुक्याच्या बंद फेऱ्या एकत्र केल्या तर विषय मोठा होतो.

आमदार विरोधी पक्षाचे असले तरी खचू नका. प्रश्न विचारायला ते उलट जास्त उत्सुक असतात. रोखठोक म्हणतात ते सरकारला जाब विचारणं हेच, आणि त्यालाही कच्चा माल गावातूनच लागतो.

रोखठोक:
टिपणकार, ही वाट मला मनापासून पटली. एका फेरीची मागणी आणि साऱ्या तालुक्याचा प्रश्न, दोन्ही द्या ताई.

माहितीवाली:
बंद फेऱ्यांची यादी माहिती अधिकारात मिळेल, महामंडळालाही तो कायदा लागू आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवस मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा. "संपापूर्वीचं आणि आजचं वेळापत्रक, या आगारापुरतं" एवढंच मागा. "का बंद केली" असं विचारू नका, त्याचं उत्तर टाळता येतं. त्या फेरीचा बंद होण्याआधीचा भारमानाचा तक्ता मागा, तो कागद त्यांच्याकडे असतोच.

फळा_खडू:
मुख्याध्यापकांचं पत्र नक्की जोडा: विद्यार्थिनींची इयत्तावार संख्या, शाळा सुटायची वेळ, सुट्ट्यांचं वेळापत्रक. आठवीतल्या मुलींसाठी एक मुद्दा आणखी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. तशी नसेल तर ने-आण करायची जबाबदारी शासनावर येते. म्हणून एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

पायवाट:
सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय. महिला सभा आणि ग्रामसभा झाली, शेजारच्या एका गावाचाही ठराव मिळाला. बघा:

"विषय: सायंकाळी ५.३० ची बंद एसटी फेरी सुरू करण्याबाबत विभाग नियंत्रकांना पत्र मिळण्यासाठी.

महोदय, आमच्या व शेजारील गावातील ४१ विद्यार्थिनी तालुक्याच्या शाळेत इयत्ता आठवी ते बारावीत शिकतात. शाळा ५.१० ला सुटते. त्यानंतर गावाकडे एकही एसटी नाही. संपापूर्वी ५.३० ची फेरी होती, ती अद्याप सुरू झालेली नाही. मुली फाट्यापासून चार किलोमीटर अंधारात चालत येतात. दोन मुलींचे शिक्षण थांबले आहे.

आगाराने भारमान कमी असल्याचे तोंडी सांगितले. ४१ विद्यार्थिनींकडे पास आहेत. सवलतीची रक्कम शासन महामंडळास देते. याशिवाय दूध संकलनाचे, बाजाराचे व दवाखान्याचे प्रवासी आहेत. नवीन गाडी शक्य नसल्यास ५.४० ला सुटणारी शेजारच्या मार्गाची गाडी आमच्या गावावरून वळवावी, जादा अंतर ६ किलोमीटर आहे.

आपण विभाग नियंत्रकांना याबाबत पत्र द्यावे व त्याची प्रत आम्हास मिळावी, ही विनंती."

सोबत ठराव दोन, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांच्या सह्या.

शिरस्तेदार:
उत्तम. फार थोडं सुचवतो. "दोन मुलींचे शिक्षण थांबले आहे" याला वेगळी ओळ द्या, वाचणाऱ्याची नजर तिथे थांबली पाहिजे. "अंधारात" पुढे महिने लिहा, म्हणजे उन्हाळ्यात कुणी उजेड दाखवून वाद घालणार नाही. खाली एकाच माणसाचा फोन नंबर द्या, पाच दिले तर कुणालाच फोन येत नाही. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

कऱ्हाकाठ:
आणि सुरुवातीला "कार्यसम्राट, विकासपुरुष" नाही हे बघून बरं वाटलं. आमच्याकडच्या निवेदनात विशेषणं संपेपर्यंत पहिलं पान संपतं.

चालक_वाहक:
सहा किलोमीटर जादा म्हणजे काहीच नाही. पाऊस पडला की तो रस्ता बसला चालतो का, तेवढं लिहा. चालक तेच विचारणार.

पायवाट:
चालतो, सकाळची गाडी त्याच रस्त्याने येते. घालते.

पायवाट:
मधल्या काळात इथे आले नाही, माफ करा. आता सगळं सांगते.

पत्र दिलं, पोच घेतली. आमदारांनी विभाग नियंत्रकांना दिलेल्या पत्राची प्रत मिळाली, त्यात आमचा भारमानाचा परिच्छेद शब्द न शब्द आहे. नंतर एसटीचे वाहतूक निरीक्षक शाळेत येऊन मुलींची संख्या आणि पास बघून गेले. आता आगाराचं लेखी उत्तर आलंय: शेजारच्या मार्गाची ५.४० ची नाही, दुसरी गाडी गावावरून वळवू, पण ती ६.१५ ला सुटेल, कारण त्या चालकाची आधीची फेरी ६ ला संपते. गावात दोन मतं आहेत. काहींना वाटतं घ्यावी. काही म्हणतात, मुलींनी तासभर स्टँडवर बसायचं, ते नको.

भुईमूग:
घ्या ताई. आधी गाडी गावात येऊ दे.

मुक्ता_प्र:
तो एक तास महत्त्वाचा आहे. स्टँडवर मुली कुठे बसतील, तिथे दिवे आहेत का, स्वच्छतागृह आहे का? शाळेने तेवढा वेळ अभ्यासिका उघडी ठेवली तर गोष्ट वेगळी.

फळा_खडू:
मुख्याध्यापकांशी बोला. दहावी-बारावीच्या जादा तासिका त्याच वेळेला घेता येतील. पण आठवीच्या मुलींना तेवढा वेळ थांबवणं मला योग्य वाटत नाही.

शिरस्तेदार:
स्वीकारा, पण लेखी स्वीकारा. विभाग नियंत्रकांना पत्र, आमदारांना प्रत: "६.१५ ची फेरी सुरू करावी. मात्र शाळा ५.१० ला सुटत असल्याने ही तात्पुरती सोय समजून पुढील वेळापत्रकात ५.३० ची फेरी द्यावी." त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख संदर्भात घाला. असं लिहिलं नाही तर मागणी पूर्ण झाली म्हणून फाइल बंद होईल. गाडी सुरू झाल्यावर रोज किती मुली बसल्या याची नोंद शाळेत ठेवा, पुढच्या पत्राचा आधार तोच.

आमदारांना आणि त्या वाहतूक निरीक्षकांना आभाराच्या दोन ओळी पाठवा. निरीक्षक प्रत्यक्ष शाळेत आले, हे त्यांच्या वरिष्ठांना लेखी कळायला हवं.

टिपणकार:
आणि तालुक्यातल्या बंद फेऱ्यांचा प्रश्न सोडू नका. अधिवेशनाच्या आधी यादी हातात हवी. माहिती अधिकाराचं उत्तर आलं का?

पायवाट:
आलंय. संपाआधीचं आणि आजचं, दोन्ही वेळापत्रकं मिळाली, आता ताडून बघतेय. शाळेच्या वेळेच्या फेऱ्या वेगळ्या काढून टिपणकारदादांना दाखवते. स्वीकाराचं पत्र आज रात्री लिहिते. मुख्याध्यापक दहावी-बारावीच्या जादा तासिका त्या तासाभरात घ्यायला तयार आहेत, आठवीच्या पालकांची बैठक शनिवारी आहे.

डोंगरदरी:
पहिल्यापासून वाचतोय. आमच्याकडे शेताला जाणारा पाणंद रस्ता अतिक्रमणाने बंद झालाय. त्यासाठीही आमदारांनाच लिहू का?

कोरडवाहू:
अतिक्रमण काढणं तहसीलदारांचं काम, पहिला अर्ज तिथे, गाव नकाशाची प्रत जोडून. रस्ता मोकळा झाल्यावर मातीकाम आणि खडीकरणाला पैसा लागेल, तेव्हा आमदारांना लिहा. वेगळा धागा काढा, नकाशा कसा मिळवायचा ते तिथे सांगतो.